७७१६ नंबरचं कार्ड

रविवार, ५ सप्टेंबर २०२१. दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं. बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीतल्या एका घराच्या वरच्या खोलीत दोघांनी दानिशचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि तिसऱ्याने त्यावर मॉनिटरच्या स्टँडचा लोखंडी पाया चार वेळा मारला. पहिल्या घावाला दानिश ओरडला. तिसऱ्यानंतर ओरडला नाही. चौथा घाव कशासाठी होता, हे मारणाऱ्याला नंतर सांगता आलं नाही.

मारणारा अंकुर, वय अठ्ठावीस. अकोल्यात आठ मशिनींचा गेमिंग कॅफे चालवतो. हात धरणाऱ्यांपैकी एक त्याचा मावसभाऊ देवमन, दुसरा कॅफेतला भागीदार सरफराज. दानिश एकतीस वर्षांचा. बंद पडलेली ग्राफिक्स कार्डं मायक्रोस्कोपखाली धरून, गरम हवेने चिप उचलून पुन्हा बसवणारा अमरावती-अकोला पट्ट्यातला तो बहुधा एकटाच माणूस होता. चौघांची ओळख चार वर्षांची होती.

भांडण एका कार्डाचं होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उभं करणारा हा वीतभर लांबीचा, दोन पंख्यांचा भाग. '१६६० सुपर' नावाचं हे कार्ड दोन वर्षांपूर्वी नवं बावीस हजारांना मिळत होतं. त्या वर्षी वापरलेलं चाळीस-पंचेचाळीसला जात होतं आणि नवं दुकानात दिसतच नव्हतं. 'वऱ्हाड पीसी' या दोनशे बारा सभासदांच्या ग्रुपवर दिवसभर हाच विषय असे.

"कार्डाचे भाव पडतीन म्हणून थांबलो होतो भाऊ, तं सोयाबीनच चढलं."

"मंग सोयाबीन विकून कार्ड घे."

"घरी काय सांगू? बाबा, दोन एकराचं पीक या डब्ब्यात हाये?"

"सांग ना. पंखे बी दाखव. म्हणा, उफणणी याच्यावरच करू."

ग्रुपची एक शिस्त होती. वापरलेलं कार्ड घेण्याआधी अर्धा तास पूर्ण ताकदीने चालवून तापवायचं, आणि घेतल्यावर कार्डाच्या पाठीवरच्या नंबराचा फोटो चंद्रभानला पाठवायचा. चंद्रभान अकोल्याजवळच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर सांभाळतो आणि ग्रुपही सांभाळतो. त्याच्याकडे एक तक्ता होता. कोणतं कार्ड, कोणाकडून कोणाकडे, कधी. त्या तक्त्याला सगळे 'सातबारा' म्हणत. ज्या कार्डाची सातबाऱ्यावर नोंद आहे, त्याला दोन हजार जास्त मिळत. पाच वर्षांत साडेतीनशेच्या वर नोंदी झाल्या होत्या आणि एकीवरही वाद झाला नव्हता.

नंबर ज्या पाठीवर असतो ती पाठ म्हणजे चार स्क्रूंनी बसवलेली एक पट्टी. ती काढता येते. हे ग्रुपमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

एप्रिलमध्ये कॅफे बंद असताना अंकुरने आपलं एक कार्ड दानिशकडे पाठवलं होतं. अकोल्याच्या उन्हात ते फार तापत होतं, आतले उष्णता शोषणारे पॅड बदलायचे होते. दानिशचं स्वतःचं कार्डही तेच, त्याच कंपनीचं. टेबल मांडलंच आहे तर आपलंही करून घेऊ, म्हणून त्याने दोन्ही एकाच दिवशी खोलली. त्याच्या वहीत तशी नोंद आहे: '१८ एप्रिल. अंकुर १, स्वतः १. पॅड दोन्ही.'

जूनमध्ये कॅफे उघडला तेव्हा दानिश तिथे गेला आणि परत येऊन त्याने ग्रुपवर लिहिलं, "बोर्डावर एकशे चव्वेचाळीस लिहिलं अन् पोरायले खेळवून राहिला साठवर. वायर बदल ना भाऊ. चारशेची येते." म्हणजे मॉनिटर सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवू शकणारे, पण जुन्या वायरीतून साठच येत होती. अंकुर जादा दर एकशे चव्वेचाळीसचा घेत होता. दीडशेवर लोकांनी हसण्याची चिन्हं टाकली. दुसऱ्या दिवशी कॅफेत आलेल्या पोरांनी अर्धे पैसे परत मागितले.

"मॉनिटर तुह्या बापानं दिले होते काय?" अंकुरने लिहिलं.

"बापानं दिले असते तं वायर बी बरोबर दिली असती," दानिशने लिहिलं, आणि ग्रुप सोडला.

२ ऑगस्टला सकाळी कॅफेच्या मागच्या खिडकीचा गज वाकलेला आढळला. तीन मशिनी उघड्या होत्या, तीन कार्डं गेली होती. अंकुरने पोलिसांत तक्रार दिली आणि कार्डांच्या मूळ डब्ब्यांवरून तिन्ही नंबर ग्रुपवर टाकले. त्यातल्या एकाचे शेवटचे आकडे ७७१६ होते. दानिश तेव्हा ग्रुपवर नव्हता. त्याने ही यादी पाहिली नाही.

२९ ऑगस्टला दानिशने आपलं कार्ड विकलं. घेणारी अपेक्षा, मोर्शीची, वय बावीस. घरी संत्र्याची बाग. ती अमरावतीतल्या एका वास्तुविशारदासाठी बांधायच्या घरांची चित्रं करते. बडनेऱ्याला येऊन तिने कार्ड अर्धा तास तापवून पाहिलं. एकाहत्तर अंशांच्या वर गेलं नाही. एक्केचाळीस हजारांना सौदा झाला. दानिशने मूळ डब्बाही दिला. पाठीवरचा आकडा आणि डब्ब्यावरचा आकडा दोघांनीही ताडून पाहिला नाही.

शुक्रवारी, ३ सप्टेंबरला, अपेक्षाने शिस्तीप्रमाणे चंद्रभानला दोन फोटो पाठवले. कार्डाच्या पाठीवर ७७१६. डब्ब्यावर २०९३.

चंद्रभानने फोटो ग्रुपवर टाकले. वर एकच ओळ: "७७१६ सापडलं."

त्यानंतरच्या तासाभरात एकशे नव्वद संदेश आले.

"चोर घरचाच निघाला बे."

"म्हणूनच ग्रुप सोडून पळाला."

"डब्बा एकाचा, कार्ड दुसऱ्याचं. असे किती विकले असतीन त्यानं?"

"हात तोडा त्याचे. पुन्हा कोणाच्या कार्डाले लावणार नाही."

शेवटचं वाक्य वाशीमच्या एका सभासदाचं. त्याने दानिशला कधी पाहिलेलं नव्हतं. त्यावर एकतीस जणांनी अंगठा दिला. चंद्रभानने तो संदेश काढला नाही. अंकुरने अपेक्षाला फोन केला: रविवारी एक वाजता कार्ड घेऊन बडनेऱ्यात या, तुमचे पैसे तिथेच वसूल करून देतो.

रविवारी तिघे सव्वाबाराला पोचले. खाली दानिशचे वडील अब्दुल रहीम खाटेवर पडले होते. वय अडुसष्ट, रेल्वेत पॉइंट्समन होते. दुसऱ्या दिवशी पोळा होता आणि रस्त्यावर बैलांच्या झुली विकायला बसलेल्यांचा आवाज घरात येत होता. दानिशची बायको मिस्बाह हिने पाणी दिलं. दानिश वरून म्हणाला, "या अंकुरशेठ! वायर बदलली का नाही?"

दानिशला त्यात काही वाईट वाटलं नव्हतं. अडीच महिने झाले होते.

अंकुर वर गेला. मागून सरफराजने दाराची कडी लावली.

"अपेक्षाले विकलं ते कार्ड कोणाचं व्हय?"

"माहं. दोन हजार एकोणीसमंदी घेतलं. बिल हाये."

"मंग त्याच्यावर माहा नंबर काहून हाये?"

दानिशने अंकुरच्या हातातला मोबाइल घेतला. फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मग तो हसला. सरफराजच्या जबाबात हे हसू आहे, अंकुरच्याही. दानिशचं म्हणणं, आपण आपल्यालाच हसलो.

"पाठ बदलली बे. एप्रिलमंदी दोनी कार्डं एकाच टेबलावर होती. तुह्या कार्डाची पाठ माह्यावर बसली. माही तुह्यावर. गधा हाओ मी."

"अस्सं."

"अरे खरंच. चोरीचं जे गेलं ना, त्याच्यावर माहा नंबर असंन. हे पाह्य, मी जे खोलतो त्याच्या आतमंदी, पंख्यांच्या कूलरच्या खाली, पांढऱ्या मार्करनं नाव अन् तारीख टाकतो. तुह्यात 'अंकुर' लिहिलं, माह्यात 'दानिश'. कार्ड येऊ दे. दहा मिनिटं दे मले. तुह्यासमोर खोलतो."

"म्हणजे खोलशीन अन् लिहून टाकशीन."

"मिटवून लिहिता येते का ते? तूच पाह्य, भिंग देतो."

अंकुर थांबला होता. हे तिघांच्याही जबाबात आहे. तो खुर्ची ओढून बसायला गेला.

"दादा, हा तोंडानंच जितते," देवमन म्हणाला. "जूनमंदी बी असाच जितला होता." आणि त्याने दानिशच्या मानेमागे हात घालून त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आपटलं.

पुढचं सहा-सात मिनिटांत झालं. वरचा ओठ फाटला, एक दात टेबलावर पडला. मायक्रोस्कोप खाली गेला. दानिशने हाताला लागलेला चिमटा फिरवला, तो सरफराजच्या गालाला लागला. त्यानंतर सरफराजही मारू लागला. चिप उचलायची गरम हवेची गन तिच्या खुंटीवर चालू होती, तीनशे ऐंशी अंशांवर. देवमनने ती काढून दानिशच्या उजव्या मनगटाच्या वर धरली. कातडी पांढरी झाली आणि मग सुटली. दानिश हात ओढत होता, म्हणून दोघांनी तो टेबलावर दाबला. दुरुस्तीला आलेला एक मॉनिटर बाजूला उघडा पडला होता. त्याच्या स्टँडचा पाया अंकुरने उचलला.

"कोणत्या हातानं खोलते बे तू?"

"अंकुर, नोको. अंकुर, पाय मोड. हात नोको."

हे वाक्य मिस्बाहने दाराबाहेरून ऐकलं. ती दारावर दोन्ही मुठींनी मारत होती. तिच्या मागे जिन्यावर सासरे उभे होते. "छोडो रे, मेरे बच्चे का हाथ छोडो," असं ते म्हणत होते, एकाच आवाजात, पुन्हा पुन्हा. दार उघडलं ते तिघे बाहेर पडण्यासाठी. सर्वांत पुढे देवमन होता. त्याच्या धक्क्याने अब्दुल रहीम नऊ पायऱ्या खाली गेले. डाव्या खुब्याचं हाड मोडलं.

बारा अठ्ठेचाळीसला गाडी गल्लीतून निघाली.

बारा पंचावन्नला अपेक्षा आली. काका खुशालराव मोटारसायकल चालवत होते. कार्ड टॉवेलात गुंडाळून तिच्या पाठीवरच्या पिशवीत होतं. जिन्याखाली म्हातारा आडवा होता. मिस्बाह वरून उतरत होती, तिची ओढणी कोपरापर्यंत रक्ताने भिजलेली.

"तुमने भेजा इनको?"

"मी फक्त नंबर टाकला," अपेक्षा म्हणाली.

दानिशला आणि त्याच्या वडलांना इस्पितळात नेलं ते खुशालरावांनी, शेजारच्याचा ऑटो थांबवून. अपेक्षा वरच्या खोलीत गेली आणि तिने सर्वांत आधी गरम हवेची गन बंद केली. टेबलाचा रंग जळू लागला होता.

त्याच संध्याकाळी तिघांना मूर्तिजापूरच्या अलीकडे एका धाब्यावर पकडलं. अपेक्षाकडचं कार्ड पोलिसांनी ताब्यात घेतलं, कापडात शिवलं आणि वर लाख लावली. पण अकोल्यातल्या चोरीच्या तक्रारीत अंकुरने आधीच, शनिवारी, पुरवणी जबाब देऊन दानिशचं नाव घातलं होतं. त्यामुळे एका गुन्ह्यात दानिश फिर्यादी होता आणि दुसऱ्यात संशयित. शुद्धीवर आल्यावर त्याने दोन्ही ठिकाणच्या पोलिसांना एकच सांगितलं: कार्ड माझं आहे. खोला, म्हणजे दिसेल.

मंगळवारी, ७ सप्टेंबरला, चंद्रभानने जिनिंगमधून अर्ध्या दिवसाची सुटी काढली. त्याने तक्ता उघडला आणि आतापर्यंत कधी न केलेली एक गोष्ट केली. त्याने डब्ब्यावरचा नंबर शोधला. "आमी कार्डाचाच नंबर पाह्यतो," असं त्याने पोलिसांना सांगितलं, "डब्बा कोण पाह्यते? डब्ब्यात तं लोकं कांदे ठेवतात."

२०९३ तक्त्यात होता. चोरीनंतर बारा दिवसांनी नोंदलेला. १४ ऑगस्ट. विकत घेणारा: धारणीतला एक फोटो स्टुडिओवाला. किंमत त्रेचाळीस हजार. विकणारा: देवमन.

नोंद चंद्रभाननेच केली होती. तो नंबर चोरीच्या यादीत नव्हता आणि दानिशच्या नावावरही कुठे नव्हता. दानिशने कार्ड नवं घेतलं होतं आणि तोवर विकलंच नव्हतं, तर नोंद होणार कशी? चंद्रभानला शुक्रवारी हे शोधायला एक मिनिट लागलं असतं. हे तो स्वतःच म्हणाला, तीनदा, आणि तिसऱ्यांदा म्हणताना पोलिस ठाण्याच्या बाकावर बसून रडला.

देवमनचं म्हणणं: कार्ड अकोल्याच्या बाजारात एका अनोळखी माणसाकडून घेतलं. चोरीचं असेल असं वाटलं नाही, नंबर यादीत नव्हता.

बुधवारी तिघांना कोर्टात नेताना अंकुरला त्याच्या वकिलाने व्हॅनच्या जाळीतून हे सांगितलं. देवमन त्याच्या शेजारीच बसला होता.

"कोणाकडून घेतलं म्हणे?" अंकुरने विचारलं.

"होता एक जण. दादा, तुह्या नंबरचं नव्हतं, तं मले काय—"

अंकुरच्या हातात बेडी होती. त्याने कपाळ मागे नेऊन देवमनच्या तोंडावर आपटलं. शिपायांनी व्हॅन थांबवून दार उघडेपर्यंत तो आपटतच होता. देवमनचा जबडा दोन ठिकाणी मोडला, डाव्या डोळ्याखालचं हाड आत गेलं. त्या डोळ्याने त्याला आता उजेड-अंधार कळतो, आकार कळत नाहीत. अंकुरच्या कपाळात देवमनच्या दाताचा तुकडा रुतला होता. तो काढताना अंकुर डॉक्टरला म्हणाला, "त्यानं दहा मिनिटं मागितली होती." कोणी, ते डॉक्टरने विचारलं नाही.

१६ सप्टेंबरला पोलिसांचं पथक धारणीला गेलं. जाताना घाटात दरड होती, जीप तीन तास अडकली. स्टुडिओत मशीन होती. कार्डाची जागा रिकामी होती. मालकाने सांगितलं, नऊ तारखेला बसस्टँडवर एकाला सत्तेचाळीस हजारांत विकलं. नाव विचारलं नाही. तोपर्यंत ग्रुप बंद झाला होता. सातबाऱ्यात त्या कार्डाची पुढची नोंद नाही.

सरफराज नोव्हेंबरात जामिनावर सुटला. २१ तारखेला तो बडनेऱ्याला आला, एकटा. दारात अब्दुल रहीम वॉकर धरून चालायचा सराव करत होते.

"चाचा, माफी मांगने आया हूँ."

म्हाताऱ्याने भिंतीला पाठ टेकवली, तोल सांभाळला, वॉकर दोन्ही हातांनी उचलला आणि सरफराजच्या तोंडावर मारला. मग दुसऱ्यांदा मारला. सरफराजने हात वर केले नाहीत. दानिश आतून पाहत होता. तो उठला नाही. सरफराजला सात टाके पडले. त्याने तक्रार दिली नाही.

सीलबंद कार्ड डिसेंबरात एका प्रयोगशाळेत जाऊन जानेवारीत न उघडता परत आलं. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की कूलर काढताना चिपला इजा होऊ शकते, आतली खूण पुसली जाऊ शकते, आणि या कामाचा अनुभव असलेला माणूस उपलब्ध नाही. दानिशच्या वकिलाने अर्ज केला: अनुभव असलेला माणूस फिर्यादीच आहे, त्यालाच न्यायालयासमोर खोलू द्यावं. दुसऱ्या बाजूने हरकत घेतली. चोरीतला संशयित पुराव्याला हात लावणार का? मिस्बाहने खोलावं, दानिशने सांगावं, हा पर्यायही त्याच हरकतीत गेला. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायालयाने सांगितलं, दोन्ही बाजूंसमोर, कॅमेऱ्यासमोर, दानिशला खोलता येईल. मात्र हात त्या कामास योग्य असल्याचा वैद्यकीय दाखला पुढच्या तारखेला हजर करावा.

हातावर दोन शस्त्रक्रिया झाल्या आहेत. तर्जनीत आणि मधल्या बोटाच्या मुळाशी धातूच्या पट्ट्या आहेत. अंगठा वळतो, पण तर्जनीला टेकत नाही. दानिशने डाव्या हाताने दोन बाद कार्डं खोलून पाहिली. दोन्हींच्या चिपचे कोपरे उडाले. आता तो त्या हाताने प्रयत्न करत नाही.

मिस्बाह रोज संध्याकाळी नमाजनंतर अंगठा आणि तर्जनी यांतलं अंतर मोजते. मोजायला त्याच्याच टेबलावरची पोलादी पट्टी आहे. जानेवारीच्या पहिल्या दिवशी ते एकवीस मिलिमीटर होतं. कूलरच्या स्क्रूसाठी लागणाऱ्या पेचकसाची मूठ सहा मिलिमीटर जाडीची आहे.

२१ फेब्रुवारीला अंतर चौदा होतं. पुढची तारीख ११ मार्च आहे.